दोन रात्रींची खोली

परवा फोनवर सहज नागावच्या खोल्या बघत होते, तर काकूंच्या घराचा फोटो समोर आला. अंगणात आता फरश्या बसवल्यात, ओटीवर वेताच्या खुर्च्या आहेत, आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलंय, ‘एका रात्रीसाठीही उपलब्ध’. मला असा राग आला की फोन पालथा घातला आणि धुतलेली भांडी उगाचच परत धुतली. काकू असत्या तर ती ओळ लिहिणाऱ्याला त्यांनी ओटीवर बसवून घेतलं असतं, गूळ-पाणी दिलं असतं आणि म्हणाल्या असत्या, "एका रात्रीत काय बघून होणार आहे बाबा तुझं?"

काकू म्हणजे माझ्या घरमालकीण. मी अलिबागला बँकेत लागले तेव्हा नागावात त्यांच्या वाडीतल्या मागच्या खोलीत राहायला गेले. पुढच्या दोन खोल्या त्या पर्यटकांना देत. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, उंच, काटकुळ्या, चष्म्याला काळी दोरी बांधलेल्या. मुलगा मुंबईत, काका जाऊन तेव्हा थोडीच वर्षं झालेली. चालताना अशा ताठ की वाडीतल्या पोफळींमध्ये उभ्या राहिल्या तर शोधाव्या लागत.

खोली बघायला गेले तेव्हा मी घाईत होते. मी बहुतेक वेळा घाईतच असते. लॉजवर राहून वैतागले होते, त्यामुळे स्वच्छ फरशी आणि खिडकीबाहेरची हिरवळ दिसताच म्हटलं, "पसंत आहे. उद्या सामान आणते."

"सामान नको, उद्या नुसती ये," काकू म्हणाल्या. "परत एकदा बघ, मग सांग."

"अहो, पण पाहिली की आत्ता."

"आत्ता तू खोली नाही पाहिलीस. लॉज सुटलं ते पाहिलंस."

दुसऱ्या दिवशी बँकेतून सुटल्यावर मी धुमसतच गेले. आणि मग दिसलं की कपाटाच्या मागे भिंतीला ओल आहे आणि खिडकीला लागूनच विहिरीचा पंप आहे. "हा पंप कधी चालतो?" मी विचारलं. काकू खूश झाल्या. "पहाटे. असला खडखडतो की मुडदा उठून बसेल. काल दिसला नव्हता ना? आता घ्यायची तर घे." मी घेतली. किल्ली देताना त्यांनी विचारलं, "तुमच्या बँकेत बदल्या साधारण किती वर्षांनी होतात गं?" मला वाटलं, भाड्याचा हिशोब मांडतायत. वाडीवाल्यांबद्दल जे ऐकलं होतं ते खरंच आहे म्हणायचं, असं मनात म्हणून मी विषय सोडून दिला.

सगळं दोनदा बघायचं ही काकूंची रीतच होती. बाजारात पहिली फेरी त्या पिशवी काखेत दाबून मारत, कशालाही हात न लावता. दुसऱ्या फेरीला पिशवी उघडत. भाजीवाल्या बायका पहिल्या फेरीत त्यांना हाकही मारत नसत. पण ह्या रिवाजाचं खरं देऊळ होतं त्यांचं माजघर. तिथे मुलाने आणून दिलेला छोटा प्रोजेक्टर होता, भिंतीवर ताणून बांधलेली पांढरी चादर होती, आणि संध्याकाळचा दिवा लावून झाला की तिथे चित्रपट लागे. आज लागला तोच उद्या लागे. म्हणून तर फाटकावर त्यांच्या हातची पाटी होती, ‘दोन रात्रींपेक्षा कमी खोली मिळणार नाही’. गावातले बाकीचे खोल्यावाले म्हणत, म्हातारी धंद्याला पक्की आहे. धंद्याचं सोडा, त्या पाटीपायी कित्येक गिऱ्हाइकं त्यांनी फाटकावरूनच परत पाठवली.

चित्रपटांच्या त्यांनी दोनच जाती केल्या होत्या, मुरणारे आणि न मुरणारे. न मुरणाऱ्यांना त्यांच्या घरात थारा नव्हता. जिथे काळ मागेपुढे होतो, माणसं खोटं बोलतात, ज्याला आपण नोकर समजतो तोच मालक निघतो, असे गुंत्याचे चित्रपट त्या शोधून काढत. भाषा कुठलीही चाले. पहिल्या संध्याकाळी खालची इंग्रजी अक्षरं वाचत, दुसऱ्या संध्याकाळी तिकडे ढुंकूनही बघत नसत.

पहिल्या बैठकीला मांडीवर वाळलेल्या सुपारीची टोपली. सुरीने साल काढायची, गोटा एका बाजूला, साल दुसऱ्या बाजूला. आम्हालाही एकेक सुरी मिळे. "गोष्ट कळायला अर्धं लक्ष पुरतं," त्या म्हणत. "अख्खं लक्ष दिलं की माणूस पुढे काय होणार, पुढे काय होणार करत धावतो, आणि बघायचं राहून जातं." दुसऱ्या संध्याकाळी टोपली नाही. दिवा बंद, हात रिकामे, मांडीवर. मधल्या वेळात त्या चित्रपटाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. जेवताना कोणी "पण मग त्या बाईला माहीत होतं का..." असं सुरू केलं की काकू त्याच्या पानात भात वाढत. परत तोंड उघडलं की परत भात. एका पुण्याच्या वकिलांनी असा इतका भात खाल्ला की दुसऱ्या दिवशी ते समुद्रावर गेलेच नाहीत.

वाडीत कामाला बेबीताई येत. झावळ्या गोळा करायच्या, सुपारी वाळत घालायची, अंगण झाडायचं. त्या फक्त दुसऱ्या बैठकीला येत. पहिल्या दिवशी बोलावलं की म्हणत, "आज तुमीच बसा, वैनी. आज कोनाला काय कलत न्हाय, नुस्ते तोंड वासून बगतात. मी उद्या येतंय."

मला हे सगळं खुळचटपणाचं वाटे. मी चित्रपट फोनवर बघायची, तेही दीडपट वेगाने, आणि आधी शेवट वाचून. एकदा ओटीवर मी असा एक बघत होते, माणसं चिमण्यांसारखी बोलत होती. काकू मागे येऊन उभ्या राहिल्या.

"ह्यांच्या मागे कुत्रं लागलंय का?"

"नाही हो, वेळ वाचतो."

"वाचलेल्या वेळात काय करतेस?"

मी विचार केला. "दुसरा बघते."

काकू हसून आत गेल्या. पण त्या संध्याकाळी माझ्या हातात टोपली आली ती मग रोजचीच झाली.

एका शनिवारी नवी मुंबईहून चार पोरं आली. बिअरचा खोका गाडीत, गळ्यात गॉगल, डोक्यात वॉटर स्पोर्ट्स. दोन रात्री घेतल्या कारण गर्दीत दुसरीकडे खोली नव्हती. काकूंनी चौघांना सुऱ्या दिल्या. चित्रपट होता एका मुलाचा, जो परदेशी निघालाय, आणि त्याची आई त्याला अगदी कोरडेपणाने, घाईघाईने घराबाहेर काढते. बऱ्याच वर्षांनी तो परततो तेव्हा आई नसते. पोरं कंटाळली. "काय पत्थरदिल बाई आहे यार," एकजण म्हणाला, आणि त्याला भात मिळाला.

दुसऱ्या दिवशी दिवसभर ती केळ्याच्या आकाराच्या बोटीवरून पाण्यात पडत होती. संध्याकाळी नाइलाजाने येऊन बसली. पहिल्याच दृश्यात आई पाठमोरी उभी राहून बादली भरते. मध्येच तो पत्थरदिलवाला पुढे सरकला. "एक मिनिट, एक मिनिट. बादली भरलीय ना? मग नळ बंद का नाय करत ती?"  पाणी वाहत होतं आणि बाईचे खांदे हलत होते. "अरे, ती रडतेय यार. आवाज येऊ नये म्हणून नळ चालू ठेवलाय. काल पण हेच होतं?"

"कालही हेच होतं," काकू म्हणाल्या.

सकाळी मी बँकेत निघाले तर तो मुलगा विहिरीशी उभा राहून फोनवर बोलत होता. "काय नाय गं, असाच केला. तू काय करतेस? नाय, पैसे आहेत. असाच गं." काकू स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होत्या. मला म्हणाल्या, "दुसऱ्यांदा आपण मधलं बघतच नाही. मधलं आपलं पाहून झालेलं असतं. दुसऱ्यांदा कडेचं दिसतं." त्या दिवसापासून मी फोनवरचा वेग कमी केला. त्यांना सांगितलं मात्र नाही, उगाच शेफारल्या असत्या.

आणि नेमकं कडेचंच त्यांचं जायला लागलं.

आधी सुपारीचे गोटे टोपलीच्या बाहेर पडू लागले. मग डाव्या हाताला ठेवलेला तांब्या त्यांच्याकडून रोज लवंडू लागला आणि त्या तांब्यावरच चिडू लागल्या. मीच मागे लागून अलिबागला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत, बराच पुढे गेलेला. गेलं ते परत येत नाही, डॉक्टर म्हणाले. थेंबांनी उरलेलं काही काळ टिकेल, कदाचित मधलं तेवढं शेवटपर्यंत राहील, कदाचित तेही नाही. परत येताना रिक्षात काकूंनी चष्मा काढून पदराने पुसला. मग म्हणाल्या, "म्हणजे मला आता सगळं पहिल्यांदाच बघायला लागणार." मला तिथे रडू आलं. त्यांना आलं नाही. त्यांनी रिक्षावाल्याला वाटेत थांबवून केळी घेतली.

त्यानंतर दुसऱ्या बैठकीला मी त्यांच्या कडा झाले. "डावीकडे काय?" त्या विचारत. "खिडकीत मांजर आहे." "काल होतं?" "आठवत नाही." "मग बघत काय होतीस काल?" असं चालायचं. बेबीताई उजवी बाजू सांभाळायच्या. त्यांचं वर्णन सविस्तर असे. "त्या म्हातारीच्या पायात चपला न्हाय. मगाशी होत्या. कोनी नेल्या?" त्या चपला कोणी नेल्या हे शोधता शोधता आम्हाला अख्ख्या चित्रपटाचा उलगडा झाला होता.

एका दुपारी सुपारी पसरताना बेबीताई बोलून गेल्या, "वैनी, आता डोल्यांचा काय खरा न्हाय. त्यो दाराचा शिनेमा तेवडा बगून घ्या."

काकूंनी हातातलं सूप खाली ठेवलं आणि आत निघून गेल्या. मी बेबीताईंकडे बघितलं. "मी कशाला सांगू," त्या म्हणाल्या. "तुमीच इचारा." मी विचारलं. ताबडतोब नाही, संध्याकाळी चहा देताना.

सगळ्या जगाला दोनदा बघायला लावणाऱ्या काकूंनी एक चित्रपट एकदाच पाहिला होता. तोही पुरता नाही. लग्न नवीन होतं, काका त्यांना अलिबागच्या थिएटरात घेऊन गेले होते. डोंगरातल्या एका गावात एक माणूस हरवलेल्या भावाला शोधत येतो, एका एकट्या बाईच्या घरी भाड्याने राहतो. भाऊ सापडत नाही. दोघांत काहीतरी जुळतं, बोलत कोणीच नाही. शेवटी तो माणूस निघतो, आणि ती बाई दारात उभी असते.

"आणि?"

"आणि काय? शेवटची एसटी. आमच्या पट्ट्यातल्या माणसांनी तेव्हा कुठल्याच चित्रपटाचा शेवट बसून पाहिलेला नाही. नागाव, चौल, रेवदंडा, सगळे संपायच्या आधी उठायचे आणि मागे बघत बघत दाराकडे सरकायचे. ह्यांनी माझा हात धरून ओढत नेलं. मी मान वळवून बघत होते. ती बाई घरात गेली आणि दार उघडं ठेवलंन् तिने. मी स्पष्ट पाहिलं. आणि हे एसटीत बसल्यावर म्हणतात, बिचारीने दार लावून घेतलं."

एसटीत त्यांचं भांडण जुंपलं ते नागाव येईपर्यंत. उद्या परत येऊन बघू, काका म्हणाले. दुसऱ्या दिवशी थिएटरात वेगळाच लागला होता. तो चित्रपट परत कधी ह्या बाजूला आलाच नाही. पण भांडण टिकलं. आमटीत मीठ जास्त झालं तरी काका म्हणायचे, "तू काय, दार उघडं होतं म्हणणारी बाई." काकूंनी चष्मा शोधून दिला की म्हणायच्या, "घ्या, ह्यातून तरी दिसतंय का बघा दार." पुढे मुलाने त्याची सीडी आणली. ह्या दिवाळीत बघू, मे महिन्यात बघू असं दोघंही म्हणत राहिले. "मग एकदा माझ्या लक्षात आलं," काकू म्हणाल्या, "की त्यांनाही बघायचा नाहीये." दवाखान्यात नाकात नळी असताना काका शेवटचं धड वाक्य बोलले तेही तेच. म्हणाले, "लावलं होतं हां."

मी घाईची माणूस. सीडी लावायचं यंत्र घरात उरलं नव्हतं, म्हणून मी त्याच रात्री तो चित्रपट फोनवर शोधून काढला. सकाळी त्यांना म्हटलं, "काकू, मिळाला. डोळे आहेत तोवर बघून घ्या."

"आणि त्यांचं बरोबर निघालं तर?"

"तर काय, हरलात."

"हरायला काही नाही गं. पण भांडण मिटेल ना."

"आणि तुमचं बरोबर निघालं तर?"

"तर सांगू कोणाला?"

 मला चैन पडत नव्हतं. महिन्यागणिक त्यांच्यासमोरचं जग आक्रसत होतं. दाराच्या चौकटीला खांदा लागे, जिना उतरताना पाय चाचपडत. आता नाही पाहिलं तर कधीच नाही, हे मला कळत होतं आणि त्यांनाही. मी दोन-तीनदा विषय काढला आणि दर वेळी भात खाल्ला.

मग माझी बदली झाली. तळ्याच्या शाखेत. नागावपासून फार लांब नाही, पण रोज येण्याजाण्यासारखंही नाही. शेवटच्या संध्याकाळी माझं सामान पुढच्या ओटीवर बांधून ठेवलेलं होतं. काकूंनी दिवा लावला, माजघरात आल्या आणि म्हणाल्या, "आज तो लाव."

मी लावला. बघते तर काकूंच्या मांडीवर सुपारीची टोपली.

"अहो, तुमचा दुसऱ्यांदा ना? हात रिकामे हवेत."

"त्यांच्याबरोबरचा पहिला अर्धाच झाला होता. तुझ्याबरोबर पहिलाच आहे. साल काढ."

आम्ही साल काढत बसलो. त्या सुरी सवयीने चालवत होत्या, नजर चादरीच्या मध्यावर खिळवून. डोंगर आला, तो माणूस आला, बाईने त्याला खोली दाखवली. काकूंनी एकदाही डावीकडे काय, उजवीकडे काय असं विचारलं नाही. शेवट जवळ आला. त्या माणसाने पिशवी उचलली. आणि काकू उठल्या. टोपली काखोटीला मारली आणि दाराकडे निघाल्या.

"काकू, संपला नाहीये अजून."

"गाडी चुकेल," त्या म्हणाल्या.

हाताने चाचपडत, मान वळवून, त्या एकेक पाऊल दाराकडे सरकत होत्या. चादरीवरचा उजेड त्यांच्या चष्म्यावर पडला होता. पासष्टी ओलांडलेली बाई, पण त्या क्षणी तिचा हात कोणीतरी धरून ओढत होतं हे मला दिसत होतं. मी त्यांच्याकडेच बघत राहिले. मागे संगीत थांबलं तेव्हा वळले, तर चादरीवर नुसती नावं होती.

"काय पाहिलंस?" दारातून काकूंनी विचारलं.

मी काहीच पाहिलं नव्हतं. पण तोंडातून निघून गेलं, "लावलं. दार लावून घेतलं तिने."

काकूंचा चेहरा असा उजळला की मला माझ्या बोलण्याचं भानच राहिलं नाही. "डोंबल तुझं," त्या म्हणाल्या. "उघडं होतं. चांगलं सताड उघडं." जेवताना आम्ही भांडलो. त्यांनी दोनदा आमटी घेतली. मला भात वाढायचंही त्या विसरल्या. झोपताना त्यांनी माझ्या खोलीच्या बाहेरून ओरडून सांगितलं, "ते आंधळे आणि तूही आंधळी."

तळ्याहून मी रविवारी फोन करायची. आधी भांडण, मग हवापाणी. कधी त्या नवीन मुद्दा काढत, दार लावलं असतं तर कडी वाजली असती. मी म्हणे, धुक्यात कडी कुठली ऐकू येते. हळूहळू थेंबांनी धरलेलंही सुटत चाललं होतं. आता बेबीताई हात धरून बाहेर आणतात, सुपारी मात्र मीच सोलते, असं त्या सांगत. खोल्या द्यायचं बंद केलं होतं. चित्रपटही. "ऐकते कधीकधी," म्हणाल्या. "ऐकण्यातही दुसऱ्यांदा वेगळं निघतं हां."

गणपती होऊन गेल्यावरचा एक फोन आठवतो. भांडण झालं, आणि मग त्या एकदम म्हणाल्या, "तू त्या दिवशी पडद्याकडे बघतच नव्हतीस."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मला समोरचं तेवढंच दिसत होतं ना तेव्हा. दाराशी पोचल्यावर मी सरळ समोर बघितलं. समोर तू होतीस. माझ्याकडे बघत बसली होतीस बावळटासारखी."

"म्हणजे तुम्हीही नाही पाहिलं दार?"

"तुझ्याकडे बघू की दाराकडे?"

"मग एवढे महिने भांडत काय होतात माझ्याशी?"

"तू भांडत होतीस म्हणून." त्या हसल्या. मग म्हणाल्या, "एक कर. तुझा पहिलासुद्धा धड झालेला नाही. सवडीने नीट बघ. आधी हातात काहीतरी घेऊन, मग रिकाम्या हातांनी. आणि काय दिसलं ते मला सांगू नकोस."

दिवाळीच्या तोंडावर बेबीताईंचा फोन आला.  म्हणाल्या, "वैनी गेली गो. झोपेतच गेली."

तर परवा ती ‘एका रात्रीसाठीही उपलब्ध’ पाहिली, भांडी धुऊन झाली, आणि मी खोली घेतली. फोनवरचा माणूस म्हणाला, "एक रात्रसुद्धा मिळेल, मॅडम."

"दोनच हव्यात," मी म्हटलं.

फाटकावरची पाटी गेली होती. माजघरात चादरीच्या जागी मोठा टीव्ही होता. पण किल्ली बेबीताईंकडेच होती आणि सुपारी वाडीतलीच. त्यांनी न विचारता टोपली आणून दिली. "आज मी बसत न्हाय," म्हणाल्या. पहिल्या संध्याकाळी मी सुपारी सोलत तो चित्रपट पाहिला, त्याच्या स्वतःच्या वेगाने. शेवट जवळ आला तशी उठले आणि दाराशी जाऊन पाठ करून उभी राहिले. मला कुठलीही गाडी पकडायची नव्हती.

दुसऱ्या संध्याकाळी बेबीताई आल्या नाहीत. अंगणातून म्हणाल्या, "वैनी नसताना माज्यान बसवनार न्हाय." मी दिवा बंद केला आणि हात मांडीवर ठेवले.

पहिल्या संध्याकाळी मला दिसला होता तो भाऊ शोधणारा माणूस. आता ती बाई दिसली. पहिल्या दिवशी खोली दाखवतानाच ती त्याला सहज विचारते, किती दिवस राहाल. मग अख्खा चित्रपटभर ती मागे, कडेला, काही ना काही करत असते. त्याचे कपडे वाळले की घडी घालून कपाटात नाही ठेवत, त्याच्या पिशवीवरच ठेवते. आल्या दिवसापासून ती त्याच्या जाण्याची तयारी करत असते आणि तरी रोज त्याच्यासाठी दिवा लावते. तुमच्या बँकेत बदल्या साधारण किती वर्षांनी होतात गं? मला वाटलं होतं, भाड्याचा हिशोब.

डोळे पुसायला हात मोकळे होते, पण मी पुसले नाहीत, कारण शेवट आला होता. ह्या वेळी मी बसून राहिले. तो माणूस उतारावरून धुक्यात गेला, बाई दारात थांबली, मग आत गेली, आणि मी ते दार नीट पाहिलं. काय दिसलं ते सांगणार नाही, तसं कबूल केलंय. नावं संपली. मी उठून दिवा लावला आणि वळून म्हणाले, "बघितलंत?"

शेजारच्या खुर्चीत काल सोललेल्या सुपारीची टोपली होती.